एल्ना निएमीची मुलाखत

१

सोमवारी सकाळी एक म्हातारा ‘हार्बर कुरियर’च्या कचेरीत आला आणि त्यानं आपल्या मेलेल्या बायकोचा फोन नंबर मागितला.

मार्लिस ऑस्बीकडे तऱ्हेतऱ्हेचे लोक येत. वाचकांच्या तक्रारी ऐकणं हेच तिचं काम होतं, आणि त्या कामाचा पगार खात तिला बरीच वर्षं झाली होती. त्या सकाळी तिनं शब्दकोड्यावरून दोघांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मग बंदराच्या नव्या भोंग्याबद्दल नेहमीची रड सुरू झाली. उन्हाळ्यात बंदरवाल्यांनी जुना भोंगा मोडीत काढला होता. तो धुक्यात असा घुमायचा की घरातल्या बशा हलायच्या. त्याच्या जागी बसवलेला नवा भोंगा पिपाणीसारखा वाजायचा. आमचा भोंगा परत द्या, असं लोक पेपरला सांगत होते, जणू तो मार्लिसनंच घरी नेऊन ठेवला होता.

म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. “आर्वो निएमी. खनिजाच्या धक्क्यावर होतो, आता घरी असतो.” त्यानं कोटातून कालचा रविवारचा अंक काढला आणि पहिल्या पानावर जाड बोट ठेवलं. “ही माझी बायको. तुमचा माणूस गेल्या आठवड्यात हिच्याशी बोलला, असं छापलंय. कुठल्या नंबरवर बोलला तेवढं सांगा.”

“का बरं? त्यांचा नंबर तुमच्याकडे नाही?”

“बाई, ती मार्चमध्ये गेली,” आर्वो म्हणाला.

मार्लिसनं बातमी ओढून घेतली. मथळा होता ‘प्लॅनचा नकार आणि रुग्णांचं मौन’. आरोग्य योजनांनी एखादा उपचार नाकारला तर बहुतेक लोक राज्याकडे अपील करतच नाहीत, मुकाट्यानं घरी बसतात, असा लेकलँड संशोधन संस्थेचा नवा अभ्यास. त्यावर रॉस टॉलिव्हरनं लिहिलेलं. सुरुवातीला नेहमीप्रमाणे एक हाडामांसाचं माणूस:

“बाहेर पहिला बर्फ पडतोय,” एल्ना निएमी यांनी गेल्या आठवड्यात फोनवर सांगितलं. “मी खिडकीशी बसलेय. मोठ्या इस्पितळातल्या तज्ज्ञाकडे जायला टॅमरॅक प्लॅननं मला नाही म्हटलं. मी अपील केलेलं नाही. या अभ्यासात माझ्यासारखे इतके लोक आहेत म्हणता, म्हणजे मी एकटीच नाही तर.”

पहिला बर्फ गेल्या मंगळवारी पडला होता. अभ्यास शुक्रवारी जाहीर झाला होता. आणि ही बाई मार्चपासून जमिनीखाली होती.

“मिस्टर निएमी, कुणीतरी दुष्ट थट्टा केली असेल.”

“असेल. पण ‘म्हणजे मी एकटीच नाही तर’ हे तिचंच बोलणं आहे. शेवटी ‘तर’ लावायची खोड होती तिला.” त्यानं टोपी हातात फिरवली. “लिव्हरमध्ये गाठ होती. वेळेवर गेली असती तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाला. अपील कर, अपील कर, म्हणून मी घसा कोरडा केला. ती नुसती म्हणायची, थांब थोडं. शेवटी मी तिच्यावर ओरडायला लागलो. ती गेली तेव्हा आमचं धड बोलणं नव्हतं. तुमच्या माणसाला ती सापडली असेल तर मला तिला एवढंच विचारायचंय, बाई. तू लढली का नाहीस?”

२

रॉस टॉलिव्हर टेबलावर पाय टाकून चॉकलेट खात बसला होता. आरोग्याच्या बातम्या त्याच्याकडे होत्या. राज्यात नाव होतं आणि रविवारच्या बातमीनं ते आणखी वाढलं होतं.

“घे,” त्यानं चॉकलेट पुढे केलं. “हृदयाला चांगलं असतं म्हणे. पण गुरुवारपर्यंत कुणाला सांगू नकोस, तोवर ते हृदयाला वाईटच आहे.”

“तुझी एल्ना निएमी, रॉस. ती तुला कशी सापडली?”

“तिनंच पेपरला फोन केला होता. टॅमरॅकवर चिडली होती.”

“आणि तू बोललास तिच्याशी? स्वतः?”

“म्हणजे काय? टेप आहे माझ्याकडे.” तो दुखावला. वार्ताहराला खोटारडा म्हटलं की तो सगळ्यात आधी टेपच काढतो. ड्रॉवरमधून त्यानं छोटं यंत्र काढलं, टेप घातली, बटण दाबलं.

घसा जरासा खरखरीत, उच्चारात फिनिश घराण्याचा ठसा. बाई मनापासून बोलत होती. बाहेर पहिला बर्फ पडतोय. मी खिडकीशी बसलेय. पेपरात छापलेलं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं, फक्त अपीलाचं वाक्य सगळ्यात शेवटी. तिच्या मागे किटलीची शिट्टी ऐकू येत होती, आणि त्याहून मागे, खूप दूर, काहीतरी घुमत होतं. तो आवाज मार्लिसला ओळखीचा वाटला, पण कशाचा ते आठवेना. “मी अपील केलेलं नाही,” बाई म्हणाली, आणि रॉसनं अंगठा दाबून यंत्र बंद केलं.

“पुढे?”

“पुढे काही नाही. पुल्ला-पावाची रेसिपी सांगत बसली.”

“गेल्या आठवड्यात घेतलीस ही मुलाखत?”

“गेल्याच आठवड्यात फोन केला की मी. का उलटतपासणी घेतेयस?”

“तिचा नवरा आला होता. एल्ना निएमी मार्चमध्ये वारली.”

रॉसच्या हातातलं चॉकलेट तसंच राहिलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरताना मार्लिसनं पाहिला. इतक्या वर्षांत तिनं खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले होते. हा माणूस खरोखर घाबरला होता.

“शक्य नाही,” तो म्हणाला. “मी तिचा आवाज ऐकलाय, मार्लिस. गुरुवारी. आईशप्पथ.”

३

दुपारी टॅमरॅक हेल्थ प्लॅनचा प्रवक्ता ड्वाइट पेल स्वतःहून फोनवर आला. आवाज लोण्यासारखा.

“मार्लिस, ऐकतोय ते खरं का? तुमच्याकडे मेलेले लोकही मुलाखती देतात म्हणे.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“आमची सभासद होती ती बाई. रविवारी नाव वाचलं, आज सकाळी यादी उघडली, तर सभासदत्व मार्चमध्ये मृत्यूमुळे बंद. अहो, आमच्यावर बातमी करायची तर जिवंत माणसं कमी आहेत का या गावात?” तो हसला. मग हसणं थांबलं. “तुमच्या वार्ताहरानं एखादी नटी धरून आणली असणार. बुधवारपर्यंत पहिल्या पानावर माफी हवी. नाहीतर राजधानीत अपीलाच्या कायद्यावर चर्चा होईल तेव्हा हा अंक मी प्रत्येक आमदाराच्या टेबलावर ठेवीन.”

मेलेल्या बाईचा सगळ्यात जास्त फायदा पेललाच होत होता, हे मार्लिसच्या डोक्यात नोंदलं गेलं. आवाज चोरून पेपरला फसवायचं आणि मग पेपरलाच धरायचं. हा माणूस तेवढा हुशार होता.

लेकलँड संस्था टेकडीवर होती. खाली सगळं सरोवर धुक्यानं भरलं होतं, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं हे कळत नव्हतं. डॉक्टर ॲनेकी ब्रँट ही उंच, नीटनेटकी बाई खिडकीपाशी उभी राहूनच बोलली.

“रुग्णांची नावं आम्हालाही दिसत नाहीत. टॅमरॅककडून आम्हाला फक्त आकडे मिळतात. एल्ना निएमी कोण, मला माहीत नाही.”

“पण ती तुमच्या अभ्यासाबद्दल बोलतेय. माझ्यासारखे इतके लोक, असं म्हणतेय. मार्चमध्ये मेलेल्या बाईला हे कसं ठाऊक?”

“ठाऊक असणं शक्यच नाही. शुक्रवारच्या आधी निष्कर्ष बाहेरच्या कुणालाही माहीत नव्हते. ते आम्ही फार काटेकोरपणे पाळतो.”

“अभ्यासाला फार वेळ लागला का हो?”

ब्रँटचा चेहरा किंचित कडू झाला. “अभ्यास कधीच झाला होता. टॅमरॅकचे आकडे वापरले, तर छापण्याआधी त्यांना एकदा दाखवायचं, असा करार. ते दर वेळी नवी शंका काढत. हे पुन्हा तपासा, ते पुन्हा तपासा. संशोधन म्हणजे बव्हंशी हेच असतं, मिसेस ऑस्बी.”

मार्लिस गाडीत येऊन बसली. पेल म्हणतो नटी. ब्रँट म्हणते अशक्य. रॉस शपथा खातो. तिनं पर्समधून चिठ्ठी काढली. रॉसनं जिथे फोन केला तो नंबर त्यावर होता. कोपऱ्यावरच्या फोनच्या टपरीत जाऊन तिनं नाणं टाकलं आणि तो फिरवला.

थोडी घंटा वाजली. मग पलीकडून कुणीतरी फोन उचलला.

“हॅलो, एल्ना निएमी बोलतेय,” टेपवरची तीच बाई म्हणाली.

४

बाई पुढे म्हणत होती, “आत्ता आम्ही घरात नाही, किंवा आर्वो टीव्हीच्या नादात आहे. निरोप ठेवलात तर बरं, नाही तर पुन्हा करा तर.” पाठोपाठ टुंग असा आवाज आला.

यंत्र होतं ते. मार्लिसला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी. म्हाताऱ्यानं बायकोचा आवाज पुसलाच नव्हता.

आर्वोचं घर धक्क्याच्या वरच्या गल्लीत होतं. त्यानं दार उघडलं, कॉफी ठेवली, पाव कापला. पाव दुकानातला होता आणि त्याबद्दल त्यानं दोनदा माफी मागितली. फोनचं यंत्र भिंतीशी, लाल दिवा लुकलुकत होता.

“मी टपरीवरून तुम्हाला फोन केला होता,” मार्लिस म्हणाली. “तुम्ही उचलला नाहीत.”

“मी उचलत नाही. वाजू देतो. चार वेळा वाजलं की ती बोलते.” तो जरा ओशाळला. “मूर्खपणा आहे.”

“मुळीच नाही.”

तिनं रॉसकडून आणलेलं यंत्र टेबलावर ठेवलं. ऐकायचं का, असं विचारलं. त्यानं मान हलवली. एल्ना बोलू लागली तेव्हा आर्वोनं कप खाली ठेवला आणि डोळे मिटले. रॉसनं थांबवलं होतं तिथेच मार्लिसनंही यंत्र बंद केलं; पुढे नुसती रेसिपी होती म्हणे.

“तीच आहे,” शेवटी तो म्हणाला. “आणि किटली आमचीच. त्या शिट्टीला चीर पडलीय.” त्यानं शेगडीकडे हात केला. किटली तिथेच होती. मग तो हळूच म्हणाला, “बाई, मी देवधर्मवाला नाही. पण ती कुठून बोलतेय हे मला सांगा.”

तिनं खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. सगळे रविवारचे ‘कुरियर’, घडीसुद्धा फारशी न मोडलेले.

“तुम्ही जपून ठेवलेत?”

“तिनं. जन्मात कधी पेपर वाचला नव्हता तिनं. मागच्या हिवाळ्यात काय शिरलं डोक्यात कोण जाणे. दर रविवारी चर्चहून येताना आणायची. उभ्या उभ्याच पानं उलटायची आणि ठेवून द्यायची. कुपनं कापत असेल म्हटलं, तर एकही कापलेलं नाही.”

“आणि हा लाल दिवा?”

“कधीचा लुकलुकतोय. मी हात लावत नाही. चुकीचं बटण दाबलं आणि ती पुसली गेली तर?”

“मी दाबू? मला येतं ते. तिला धक्का लागणार नाही.”

त्यानं होकार दिला. यंत्र नवे निरोप आधी ऐकवायचं. पहिला दाताच्या डॉक्टरचा. दुसरा मार्लिसचाच, नुसता श्वासोच्छ्वास. त्याची तिला लाज वाटली. तिसरा आवाज तिला चांगला ओळखीचा होता.

“मिसेस निएमी, रॉस टॉलिव्हर. अखेर या रविवारी. नक्की. इतके दिवस थांबलात, फार उपकार झाले.”

आर्वोनं वर पाहिलं. “थांबलात? कशासाठी थांबली ती?”

त्याच क्षणी खालून, धुक्यातून बंदराचा भोंगा वाजला. पातळ, पिरपिरा, पिपाणीसारखा. मार्लिस ताडकन उभी राहिली. तिनं टेप मागे फिरवली आणि यंत्र कानाला लावलं. एल्ना बोलत होती, किटली शिट्टी मारत होती, आणि त्यामागे खूप दूर जे घुमत होतं त्यानं एके काळी या गावातल्या बशा हलायच्या.

ती पुन्हा खुर्चीत बसली. एल्ना निएमी कुठून बोलतेय हे तिला कळलं होतं. याच स्वयंपाकघरातून. मागच्या वर्षी.

५

मंगळवारी रॉस, डॉक्टर ब्रँट आणि संपादक लोइस फिंच, तिघं बैठकीच्या खोलीत जमले. लोइसला माफी किती ओळींची द्यायची एवढीच चिंता होती. खिडकीबाहेर भरदुपारी दिवे लावावे लागावेत इतकं धुकं होतं.

“इथे भूत नाही आणि नटीही नाही,” मार्लिस म्हणाली. “टेपवर मागे जुना भोंगा वाजतोय. तो उन्हाळ्यातच मोडीत निघाला. म्हणजे ही मुलाखत उन्हाळ्याच्या आधीची. पहिला बर्फ पडतोय, म्हणजे नोव्हेंबर. पण मागच्या वर्षीचा नोव्हेंबर. पहिला बर्फ दर वर्षीच पडतो, नाही का रॉस?”

रॉस टेबलाकडे पाहत होता.

“पण मग तिला अभ्यास कसा माहीत?” लोइसनं विचारलं. “डॉक्टर म्हणतात, शुक्रवारपर्यंत बाहेर कुणालाही ठाऊक नव्हतं.”

“बाहेर कुणालाही,” मार्लिस म्हणाली. “रॉस मला चॉकलेट देताना म्हणाला होता, गुरुवारपर्यंत कुणाला सांगू नकोस. मी हसले आणि विसरले. आपल्या या धंद्यात संशोधक अभ्यास आधी वार्ताहराच्या हातात देतात आणि तारीख घालून देतात. तारखेआधी छापायचं नाही, बोलायचं नाही. हे इतकं अंगवळणी पडलंय की डॉक्टर ब्रँटना वार्ताहर म्हणजे बाहेरचा माणूस वाटतच नाही. डॉक्टर, रॉसला अभ्यास कधी दिलात?”

ब्रँट खिडकीकडे वळली. “मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरात. आम्ही नोव्हेंबरची तारीख धरली होती. मग टॅमरॅकनं शंका काढली. तारीख पुढे गेली. पुन्हा काढली, पुन्हा गेली. त्यानं एखाद्या रुग्णाला गाठलंय हे मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं.”

“मी बातमी लिहून ठेवली होती,” रॉस म्हणाला. “गेल्या आठवड्यात तारीख पक्की झाली तेव्हा तीच काढली. गुरुवारी तिला फोन केला, यंत्रावर तिचा आवाज ऐकला, म्हटलं, बाई आहे. बर्फही नेमका पडला होता. ‘गेल्या आठवड्यात’ असं घातलं. आळस केला, मान्य. पण माणूस मेलंय हे मला कसं कळणार?”

“आळसापुरतंच असतं तर लोइसनं दोन ओळींत निस्तरलं असतं. टेप पुढे वाजव.”

“पुढे रेसिपी आहे.”

“मग रेसिपी ऐकू.”

तो हलला नाही. मार्लिसनंच बटण दाबलं.

“मी अपील केलेलं नाही,” एल्ना म्हणाली, आणि या वेळी तिचं बोलणं थांबलं नाही, “पण उद्या कागद टाकतेय. आर्वोनं डोकं खाल्लंय माझं.”

मग रॉसचा आवाज, तरुण वाटणारा, उत्साही. “मिसेस निएमी, एक विनंती करू? थोडं थांबाल? तुम्ही आत्ता अपील केलंत की टॅमरॅक चौकशी करणार, अभ्यासाचं तुम्हाला कुठून कळलं म्हणणार, आणि माझी बातमी तारखेआधीच फुटणार. बातमी येऊ द्या. पेपरात नाव आलं की हे लोक स्वतः मंजुरी घेऊन दारात येतात. मी पाहिलंय.”

“खरं?”

“अगदी. फक्त तोवर कुणाला सांगू नका.”

“आर्वोलासुद्धा नाही?”

“रविवारपर्यंतच.”

एल्ना हसली. “बरं. त्याच्या पोटात काही राहत नाही, साऱ्या धक्क्यावर सांगत सुटेल. रविवारपर्यंत थांबते तर.”

त्यानंतर खरोखरच रेसिपी होती. वेलची ताजी कुटून घालायची, असं ती सांगत होती. कुणी यंत्र बंद केलं नाही.

“तिनं शब्द पाळला,” मार्लिस म्हणाली. “दर रविवारी पेपर विकत आणून पाहत होती, आपलं नाव आलं का. अपीलाची मुदत टळून गेली. रॉस, मुदत असते हे तुला माहीत नव्हतं का?”

“नव्हतं.”

“अभ्यासात आहे. लोक गप्प का बसतात, तर बहुतेकांची मुदत टळते, हे पहिल्याच प्रकरणात लिहिलंय. तू वरचं पत्रक वाचलंस आणि बातमी केलीस. आणि जी बाई उद्या लढायला निघाली होती, तिचं वाक्य मध्येच तोडून तिला गप्प बसणाऱ्यांच्या रांगेत उभं केलंस.”

“मला तिचं भलंच करायचं होतं,” रॉस म्हणाला. “जानेवारीत तिनं फोन केला होता. या रविवारी का, म्हणाली. मी म्हटलं, पुढच्या. मी वचन मोडलं असतं तर पुन्हा कुणी आपल्याला आधी कागद दिले नसते, मार्लिस. सगळे असंच करतात.” त्यानं तोंड हातांत लपवलं. तो रडतोय हे पाहून मार्लिसला त्याची दया आली आणि स्वतःच्या दयेचा रागही आला.

६

लोइसनं दार लावून घेतलं. “हे सगळं तू तुझ्या स्तंभात लिही. पेल काय करायचं ते करो. पण वकिलांनी पाहायला हवं. रविवारी छापू. तोवर कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही.”

“नवऱ्याशी?”

“त्याच्याशीही नाही. रविवारपर्यंतच, मार्लिस.”

आपण काय बोललो हे लोइसच्या लक्षात आलं नाही. मार्लिस कोट घालून खाली उतरली आणि गाडी थेट धक्क्याच्या वरच्या गल्लीत नेली.

आर्वोनं टेप शेवटपर्यंत ऐकली. ‘त्याच्या पोटात काही राहत नाही’ या वाक्याला त्याच्या ओठांवर हसू येऊन गेलं. मग उठून त्यानं गठ्ठ्यातला वरचा एक अंक उचलला, पानं उलटली, पुन्हा घडी घालून ठेवला.

“मी तिला भेकड म्हणालो होतो,” तो म्हणाला. “शेवटच्या महिन्यात. अंथरुणावर होती ती. तेव्हाही तिनं सांगितलं नाही.”

मार्लिसनं त्याच्या हातावर हात ठेवला.

“तो रेसिपीचा भाग पुन्हा लावा,” आर्वो म्हणाला. “वेलची किती म्हणाली ते मी ऐकलं नाही.”

स्तंभ रविवारी आला, पूर्ण, एकही ओळ न कापता. रॉसनं आधीच राजीनामा दिला होता. ‘एका वार्ताहराच्या चुकीमुळे’ अशी सुरुवात करून पेलनं लांबलचक निवेदन काढलं, तर त्याला पत्रकारांनी उलट विचारलं की तुमच्या शंकांना वर्ष का लागलं.

सोमवारी दुपारी धुकं पुन्हा उतरलं. आर्वो कसा आहे हे पाहावं म्हणून मार्लिसनं त्याला फोन लावला. घंटा चार वेळा वाजली आणि ती एल्नाच्या आवाजाची वाट पाहत राहिली. तो आला नाही.

“आर्वो निएमी बोलतोय,” यंत्रावर म्हातारा थांबत थांबत म्हणाला. मागे किटलीची चिरकी शिट्टी वाजत होती. “एल्ना आता नाही. तिला काही सांगायचं राहिलं असेल तर मला सांगा. आणि आत्ताच सांगा. रविवारपर्यंत थांबू नका.”